घाईचं पाणी

तुमसरला तांदळाच्या गिरण्या संपतात तिथे मिशनची वस्ती सुरू होते. वस्ती म्हणजे मोजकीच घरं, एक विहीर आणि एक कौलारू देऊळ. देवळाच्या घंटेपेक्षा गिरणीचा भोंगा मोठा, म्हणून उपासनेची वेळसुद्धा लोक भोंग्यावरच ठरवतात. या वस्तीत साधनाबाई राहतात. नवरा आनंदराव गिरणीत फिटर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती मुलगी रीता भंडाऱ्याजवळ शहापूरला दिली. दिली असं म्हणायचं आपलं. खरं तर ती स्वतःच गेली, ते पुढे येईलच.

साधनाबाईंची उमेदीची सगळी वर्षं मिशनच्या दवाखान्यात गेली. बाळंतिणींच्या खोलीत त्या आया होत्या. तो दवाखाना केव्हाच बंद पडला, भिंतीत पिंपळ उगवला, पण आसपासच्या खेड्यांतली ख्रिस्ती माणसं बाईंना आजही ओळखतात ती घाईच्या पाण्यामुळे.

घाईचं पाणी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. ख्रिस्ती घरात मूल जन्मलं की सवडीनं, चांगला रविवार बघून, पाळकाच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, हातून त्याचा बाप्तिस्मा होतो. डोक्यावर तीनदा पाणी, पित्याचं नाव, पुत्राचं नाव, पवित्र आत्म्याचं नाव, आणि लेकराचं स्वतःचं नाव. पण काही लेकरं रविवारपर्यंत थांबायला आलेलीच नसतात. अशा वेळी पाळक कुठे दूर असला, तर खाटेजवळ जो कोणी असेल त्यानं वाटीभर पाणी घ्यावं आणि बाप्तिस्मा द्यावा, अशी मोकळीक आहे. दवाखान्यात याला घाईचं पाणी म्हणत. मेट्रनबाईंनी साधनाबाईंना ते शिकवलं तेव्हा त्या जेमतेम विशीच्या होत्या. त्यांनी घाबरत विचारलं, "अन पाणी टाकायच्या आधीच लेकरू गेलं तर? देव घेणार नाई त्याले?"

मेट्रनबाई म्हणाल्या, "देव काही पाण्यासाठी अडून बसत नाही गं. पण आपल्या हाताशी पाणी होतं आणि आपण घातलं नाही, तर ते आपल्यापाशी राहतं."

हे बोलणं बाईंच्या मनात घट्ट बसलं. पुढे तेच मानगुटीवर बसणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं!

बाई मूळच्या आसगावच्या. बाप कवडू दुसऱ्याच्या धानात राबणारा. त्यानं सगळ्या घरादारासकट बाप्तिस्मा घेतला तेव्हा साधना लहान होती. जानेवारीचा गारठा, गावाबाहेरची बोडी, त्या तळ्यात गुडघाभर पाण्यात उभे असलेले पाळक, आणि काठावर तमाशा बघायला जमलेलं निम्मं गाव. पाणी डोक्यावर पडलं तशी ती किंचाळली आणि गाव हसलं. बापानं धोतराच्या सोग्यानं तिचं डोकं खसाखसा पुसलं आणि म्हणाला, "आता आपलं नाव देवाच्या कानावर गेलं, पोरी. आता तो इसरत नाई." पुढे बाईंनी जन्मभर प्रवचनं ऐकली, मोठमोठे शब्द ऐकले, पण बाप्तिस्मा म्हणजे काय याचं त्यांचं उत्तर तेवढंच राहिलं. लेकराचं नाव देवाच्या कानावर जातं.

नाताळ उरकला की जानेवारीत प्रकटीकरणाचा सण येतो. पूर्वेकडचे परके ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागे मागे चालत बाळापर्यंत पोचले, त्याची ही आठवण. तेच बाळ मोठं झाल्यावर यार्देन नदीवर पापी माणसांच्या रांगेत उभं राहिलं आणि त्यानं डोक्यावर पाणी घेतलं, तेही याच दिवसांत आठवतात. घरातलं लेकरू जगासमोर आलं, असा सणाचा साधा अर्थ. कोण्या जुन्या पाळकानं त्याला धरून या देवळात एक रीत घालून दिली. सणाच्या रविवारी बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडातलं पाणी बदलायचं, आणि वर्षभरात ज्या लेकरांना घाईचं पाणी मिळालं त्यांना मंडळीसमोर, म्हणजे जमलेल्या भाविकांसमोर, आणायचं. जगली ती आईच्या कडेवर येतात. जी जगली नाहीत त्यांचं नुसतं नाव येतं. ज्यानं पाणी घातलं त्यानं कुंडापाशी उभं राहून ते नाव घ्यायचं. पाळक विचारतो, "पाणी कोणी घातलं?" तो म्हणतो, "मी घातलं." मग सगळे एका आवाजात म्हणतात, "मंडळीनं ऐकलं." तिथून पुढे ते लेकरू त्या देवळाचं, मातीखाली असलं तरी.

साधनाबाई त्या कुंडापाशी कितीदा उभ्या राहिल्या असतील! दवाखाना चालू होता तोवर जवळजवळ दर वर्षी. दुसऱ्यांची लेकरं, दुसऱ्यांचं दुःख. बाईंचा आवाज कधी कापला नाही.

आता रीताचं. ती भंडाऱ्याला कॉलेजात शिकायला गेली आणि कुंदन नंदनवारला पसंत करून आली. शहापूरचं विणकरांचं घर. घरात एक माग अजून चालतो, बाकी सगळं पोट हायवेवरच्या कापडाच्या दुकानावर. मंडळीचे पंच मधुकरराव ऐकताच भडकले. उपासनेत पहिल्या बाकावर बसणारा हा माणूस. कोणतीही गोष्ट त्याच्या मनाविरुद्ध झाली की धर्म बुडाला असं समजणारा. देवळाच्या पायरीवर चारचौघांत तो बाईंना म्हणाला, "पोरगी हातची गेली. आता नातवंडंही जातील, बघा." शहापूरलाही कोणी पेढे वाटले नाहीत. सासरे भैय्यालाल म्हणत, पोरगी गुणाची आहे, पण गल्ली काय म्हणन? आणि गल्लीचं तोंड हल्ली लवकर उघडतं. अमक्यानं तमक्याला बाटवलं, असं मोबाइलवर रोज येतं. खरं की खोटं याच्या भानगडीत कोणी पडत नाही. लग्न कोर्टात झालं. रीतानं आईला आधीच बजावलं होतं, "आई, मले त्या घरात राहाचं आहे. तू तिथं काही करू नको." बाईंनी मान हलवली. मुलगी सुखात राहावी यापलीकडे त्यांना काही नको होतं.

विहीण जानकीबाई उंच, हाडापेरानं मजबूत, आणि मोजकं बोलणारी. दोघी विहिणी एकमेकींशी चांगल्या वागत, पण ते वागणं पाहुण्याशी वागल्यासारखं.

डिसेंबरात रीता बाळंत झाली, दिवस भरायच्या पुष्कळ आधी. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. बारसं व्हायचं होतं, तोवर सगळे तिला गुड्डी म्हणू लागले. डॉक्टर रोज सांगत, छातीत दम कमी आहे, बघू. 'बघू' या शब्दाचा अर्थ साधनाबाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एका सकाळी कुंदन त्यांच्यापाशी आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. "आई, एक मागू?"

"मागा ना."

"गल्लीत लोकं आतापासूनच बोलून राहिले, का मिशनवाली आजी लेकरावर पाणी टाकन. बाबाले रस्त्यात थांबवून विचारते. तुमी नका टाकू. हात जोडतो मी."

"नाई टाकत, बापू."

एवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही. "तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

इथे बाईंनी जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. पक्क्या हिंदू बाईनं अशी शपथ वाहिली नसती, कारण तिला तिचं भय असतं. पक्का ख्रिस्ती असता तर म्हणाला असता, आमच्यात शपथ वाहत नाहीत. साधनाबाई दोन्हीकडच्या होत्या; आसगावच्या मातीत वाढलेल्या आणि मिशनमध्ये मुरलेल्या. पेटीच्या गोल खिडकीतून त्यांनी हात आत घातला, दोन बोटं त्या मऊ जावळावर टेकवली आणि म्हणाल्या, "माझ्या हातानं हिच्यावर पाणी पडणार नाई." हात बाहेर काढून त्यांनी पदराखाली घेतला. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून वाहिलेली शपथ मोडली तर ती त्या लेकरालाच भोवते, हे त्यांना आईनं सांगितलेलं होतं, बोडीच्या पाण्याच्याही आधी. त्या पाण्यानं पुष्कळ काही धुऊन गेलं, पण ही भीती जागच्या जागी राहिली.

मग सुरू झालं ते नुसतं बसणं. रीता वरच्या मजल्यावर तापानं फणफणलेली, कुंदन तिच्याजवळ. खाली बाकावर दोघी विहिणी. जानकीबाईंनी देव म्हणून एक सोडला नाही. कोणाचा अंगारा, कोणाचा धागा, कोणाचा नारळ, सगळं पदराच्या गाठीत. नाताळ आला नि गेला. जन्मात पहिल्यांदा साधनाबाई नाताळच्या उपासनेला नव्हत्या. त्या दिवशी जानकीबाईंनी आपणहून विषय काढला.

"ईहीनबाई, तुमच्यात म्हणे मरत्या लेकरावर पाणी टाकते?"

बाईंनी सांगितलं. घाईचं पाणी, तो रविवार, ते नाव घेणं, ते 'मंडळीनं ऐकलं'. लपवायचं काय होतं त्यात? जानकीबाईंनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "अन दरसाल घेते ते नावं?"

"एकदा मोठ्यानं घेते. पण मी मनात दरसाल घेते. सगळ्यांचे."

जानकीबाई पदराची गाठ सोडत आणि बांधत राहिल्या. "कुंदनच्या आधी मले एक झाला होता," त्या म्हणाल्या. "बारशाच्या आधीच गेला. नाल्यापाशी गाडला. त्याले नावच नव्हतं, तं घ्याचं काय? कोणाले आठवतबी नाई आता. याईलेबी नाई." याईले म्हणजे नवऱ्याला, भैय्यालालला. साधनाबाईंनी त्यांचा हात धरला. त्या दिवसापासून दोघींमधलं पाहुणेपण संपलं.

नवं वर्ष लागलं आणि गुड्डीचा रंग बदलला. दुपारी डॉक्टर आले, फार हळू बोलले. आता पेटीत ठेवून उपयोग नाही, जवळ घ्या, म्हणाले. बाजूच्या लहान खोलीत दोघींना बसवलं आणि लेकरू दुपट्यात गुंडाळून दिलं. कुंदन रीताला खाली आणायला गेला. जानकीबाईंनी नातीला छातीशी धरलं, तिच्या कपाळाला गाल लावला, आणि मग तिला साधनाबाईंच्या मांडीवर ठेवलं. कोपऱ्यातल्या पाण्याच्या जगमधून स्टीलचा पेला भरला. तो बाईंच्या उजव्या हाताशी, स्टुलावर ठेवला.

"मी चहा पिऊन येते," त्या म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. जाताना दार ओढून घेतलं.

नात मरणाच्या दारात असताना ही बाई चहा कशी प्यायला गेली, एवढंच त्या क्षणी साधनाबाईंच्या मनात आलं, आणि त्यांना रागही आला. मग त्यांचं लक्ष पेल्याकडे गेलं. पाणी, मांडीवर लेकरू, बंद दार. सगळं आयुष्य त्यांनी याच तीन गोष्टी एकत्र आल्या की काय करायचं ते केलं होतं. बोटं आपोआप पेल्यात गेली. हात त्या जावळावर आला. बोटांच्या टोकाला थेंब जमला.

आणि हात थांबला.

शपथ. अजून श्वास चालू आहे, बाईंना वाटलं. छाती हलते आहे, अगदी थोडी, पण हलते आहे. वाचलीच तर? अशीही वाचलेली बघितली आहेत मी. आणि पाणी घातलं नि शपथेनंच गेली तर? कुंदनला काय सांगू? रीताला काय सांगू? माझ्या हातानं मारली म्हणू? त्यांनी ठरवलं, अगदी शेवटच्या घटकेला घालू. शेवटची घटका त्यांना ओळखता येत होती. किती लेकरांची ओळखली होती. तेव्हा शपथ मोडली तरी मोडू दे, तेव्हा तिला भोवायला उरलंच काय असेल? देवाला समजेल. त्या वाट बघत राहिल्या, हात तसाच वर धरून, ओठांत ते तीन नावांचे शब्द तयार ठेवून. "थांब गं माय," त्या म्हणत होत्या, "थांब, सांगून जा मले."

गुड्डीनं सांगितलं नाही. एक श्वास आला, आणि त्याच्या पुढचा आलाच नाही. बाई पुढच्याची वाट बघत होत्या. छातीवर हात ठेवला, कान लावला, दुपटं सोडलं. मग त्यांना कळलं. हाताकडे बघितलं तर बोटं वाळून गेली होती.

बाप्तिस्मा जिवंताचा असतो. मेलेल्याला पाणी लागत नाही, हे त्यांनी स्वतः कितीतरी आयांना रडत असताना समजावलं होतं, उशिरा आलेल्यांना. आता त्या स्वतः उशिरा आल्या होत्या, आणि त्याही मांडीवर लेकरू असताना.

दुपार कलताना पुरुष मंडळी गुड्डीला शहापूरच्या नाल्याकडे घेऊन गेली. रीता खाली येईपर्यंत सगळं संपलं होतं; ती दवाखान्यातच औषधाच्या गुंगीत होती. घरी परसात चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं आणि दोघी विहिणी चुलीपाशी बसल्या होत्या. जानकीबाईंनी इकडे तिकडे बघून घेतलं.

"टाकलं ना?" त्यांनी विचारलं.

बाईंना आधी समजलंच नाही.

"पाणी. टाकलं ना तुमी? मी त्याच्यासाठीच बाहेर गेली होती. पेला भरून ठेवला होता तुमच्या हाताशी."

चुलीतलं लाकूड फुटलं. साधनाबाईंना वाटलं आपण त्या चुलीत पडावं. "शपथ वाहिली होती मी," एवढं त्यांच्या तोंडून आलं.

"तुमच्यात कोठी मानते शपथ! कुंदननं सांगितलं तवा मले वाटलं, तुमच्या लोकायले तिचं काही नाई. म्हणून तं मी निश्चिंत होती." जानकीबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "टाकलं ना, ईहीनबाई? माह्या त्या पहिल्यासारखी तं नाई गेली ना ही?"

त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून 'नाही' म्हणायला दगडाचं काळीज लागलं असतं. साधनाबाईंजवळ ते नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "टाकलं."

जानकीबाईंनी डोळे मिटले आणि इतका वेळ अडवून धरलेलं रडू एकदाचं आलं. रडताना त्या म्हणत होत्या, बरं झालं वो माय, बरं झालं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मंग त्या रविवारी नाव घेसान ना तिचं? मी येते. घरी काही सांगत नाई. मले ऐकाचं आहे."

खोटं बोलायला एक शब्द लागला, आणि तो शब्द घेऊन बाई तुमसरला परतल्या. पुढचे दिवस कसे गेले ते त्यांचं त्यांना ठाऊक. चूल पेटवली तर भाकरी जळायची, भाकरी झाली तर खाववायची नाही. ताटातल्या पाण्यात बोटं गेली तरी अंगावर काटा यायचा. लेकीचा फोन यायचा. पाणी घातलंस का, असं रीतानं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर निदान तिच्यापाशी मोकळं होता आलं असतं. रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले की मेट्रनबाईंचं बोलणं समोर उभं राहायचं. पाणी हाताशी होतं. राहिलं तुझ्यापाशी. आता सांभाळ.

शनिवारी त्या देवळात कुंड घासायला गेल्या. ते काम त्यांचंच होतं. कैलाश पाळक तिथेच बाकं पुसत होते. वयानं तरुण, नुकतेच या मंडळीत आलेले, स्वभावानं गरीब. बाईंनी कुंडात डोकं घालूनच विचारलं, "पाळकसाहेब, मेलेल्या लेकरावर पाणी घालता येते का हो? एक-दोन मिनिटंच झाले असले तर?"

पाळकांनी फडकं खाली ठेवलं. त्यांना गुड्डीचं माहीत होतं, पाण्याचं माहीत नव्हतं. "नाही बाई. तसं करत नाहीत. पण तुम्ही त्याची काळजी नका करू. उद्या आपण ज्यांची आठवण करतो ते पूर्वेकडचे लोक बघा. त्यांना कुठे बाप्तिस्मा झाला होता? ना आपल्या धर्माचे, ना आपल्या देशाचे. तरी बाळ त्यांना दिसलंच."

"ते चालत आले," बाई म्हणाल्या. "माझी गुड्डी कोठून चालत येणार?"

पाळकांनी फडकं पुन्हा उचललं. ते परत बाकं पुसू लागले.

रविवारी बाईंनी विहिरीवरून कळशा आणून कुंड भरलं. पाणी बोडीतल्या पाण्याइतकंच गार होतं. आजारी आहे म्हणून घरी पडून राहावं, हा विचार सकाळपासून चार वेळा येऊन गेला होता. घंटा झाली, लोक जमले, आणि मागच्या बाकावर, दारालगत, डोक्यावरून पदर घेतलेल्या जानकीबाई येऊन बसल्या. भंडाऱ्यात गाडी बदलून एकट्या आल्या होत्या. चपला त्यांनी बाहेर पायरीखाली काढल्या होत्या. इथे तशी रीत नाही, पण देऊळ म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचलं नसेल. मधुकररावांनी मागे वळून बघितलं, कपाळाला आठी घातली आणि परत पुढे बघू लागले.

गीतं झाली, वाचन झालं, प्रवचन झालं. यार्देन नदीवर पापी लोकांच्या रांगेत तो उभा राहिला, पाळक सांगत होते, त्याला पाण्याची गरज नव्हती, रांगेतल्या लोकांना त्याची गरज होती. साधनाबाईंच्या कानावर शब्द पडत होते आणि ओघळून जात होते. मग पाळक कुंडापाशी आले आणि म्हणाले, "या वर्षी घाईचं पाणी कोणाला मिळालं असेल, तर त्यांचं नाव मंडळीसमोर यावं."

पुष्कळ वर्षांत कोणी उठलं नव्हतं. दवाखानाच नाही तर घाईचं पाणी कुठलं! पाळक नुसती रीत म्हणून विचारत होते. साधनाबाई उठल्या तेव्हा बाकांवर कुजबुज झाली. त्या कुंडापाशी गेल्या, काठावर हात टेकला.

"गुड्डी," त्या म्हणाल्या. "गुड्डी कुंदन नंदनवार."

हे आडनाव या देवळात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. पाळकांनी चमकून त्यांच्याकडे बघितलं, पण विचारायचं ते विचारलं. "पाणी कोणी घातलं?"

दोन शब्द होते. जन्मभर सहज म्हटलेले. मागच्या बाकावर एक बाई ते ऐकायला श्वास रोखून बसली होती. चुलीपाशी खोटं बोलता आलं होतं, कारण तिथे फक्त तिचा चेहरा होता. इथे समोर पाणी होतं. म्हण, त्या स्वतःला म्हणत होत्या, म्हण ना, कोणाचं काय जातं? आणि त्यांना कळत होतं की आपण हे म्हटलं तर गुड्डीचं नाव खोट्याच्या पाठीवर बसून देवाच्या कानापर्यंत जाणार.

"कोणी नाई," त्या म्हणाल्या. आवाज कापला. "कोणीच नाई घातलं. माझ्या मांडीवर गेली. पाणी माझ्या हाताशी होतं. मी शपथेले भेत बसली, अन ती गेली. मी ईहीनबाईले खोटं सांगितलं. तिचं नाव नका घेऊ. मी घ्यायले नव्हतं पाहिजे."

पाळकांच्या हातातलं पुस्तक तसंच उघडं. मागचं बाक सरकल्याचा आवाज झाला. जानकीबाई निघाल्या, साधनाबाईंना वाटलं, आता या जन्मात ही बाई माझं तोंड बघणार नाही. त्यांनी मान खाली घातली.

अनवाणी पावलं दाराकडे गेली नाहीत, बाकांच्या मधल्या वाटेनं पुढे आली. जानकीबाई कुंडापाशी येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या होत्या, यात शंका नाही. साधनाबाईंकडे त्यांनी बघितलं नाही. बाकांवरच्या माणसांकडे तोंड करून बोलल्या.

"मी चहा प्यायले गेली होती. चहा नाई पेली मी. भिंतीले पाठ लावून दाराबाहेर उभी होती. का या बाईनं टाकावं पाणी, म्हणून. मले सांगता आलं नाई, का टाका. मीच सांगितलं असतं तं टाकलं असतं तिनं. मीबी भेली, घरच्यायले, गल्लीले. तं पाणी राहून गेलं." त्यांनी पदर डोक्यावर पुढे ओढला. "पण पोरगी होती. आम्ही दोघीनं पाहिली तिले. गुड्डी तिचं नाव. ऐकलं का नाई तुमी?"

असं रीतीत नव्हतं. पाळकांनी पंचांकडे बघितलं, पंच जमिनीकडे बघत होते. जानकीबाई तशाच उभ्या राहिल्या, जशी दुकानात गिऱ्हाईक उत्तर मिळेपर्यंत हटत नाही तशा. "माह्या पहिल्याचं कोणी ऐकलं नाई," त्या म्हणाल्या. "हिचं तरी ऐका."

पहिल्या बाकावर मधुकरराव उठले. पोरगी हातची गेली म्हणणारे, नातवंडंही जातील म्हणणारे मधुकरराव. काठीवर भार देऊन उभे राहिले, घसा खाकरला.

"मंडळीनं ऐकलं," ते म्हणाले. एकट्याचाच आवाज होता. मग मागून एका बाईचा आला, मग आणखी कोणाचा, आणि मग सगळ्यांनी मिळून ते नीट, जसं म्हणायचं तसं, पुन्हा म्हटलं. जानकीबाईंनी साधनाबाईंचा हात धरला आणि तो किती गार पडला आहे हे बघून दोन्ही हातांत घेऊन चोळू लागल्या.

साधनाबाईंच्या तोंडून मात्र ते शब्द आले नाहीत. त्या कुंडाकडे बघत होत्या. पाणी सकाळी त्यांनीच काठोकाठ भरलेलं होतं, आणि त्याला अजून कोणाचा हात लागला नव्हता.